यशोदाबाईंचे चारशे शहाऐंशी

माणसाने चोरी करावी, त्याला यशोदाबाईंची ना नव्हती. पण करायचीच, तर नीट तरी करावी! भालचंद्ररावांना आठ वर्षांत तेवढंही जमलं नव्हतं. उशीच्या अभ्र्यात सुकेळं लपवायचं आणि सकाळी उशीवर मुंग्यांची वरात! छत्रीत लपवायचं आणि भर रस्त्यात छत्री उघडून स्वतःच्याच टकलावर पाडून घ्यायचं! तीस वर्षं हा माणूस एसटीत तिकीट तपासनीस होता. विनातिकीट प्रवासी नुसत्या मानेच्या घामावरून ओळखायचा म्हणे. आणि स्वतःच्या मिशीला चिकटलेलं सुकेळं काही त्याला आरशात दिसायचं नाही!

भालचंद्ररावांना मधुमेह होता, आणि त्यांचं घर वसईजवळच्या उमेळ्यातलं सुकेळ्यांचं घर होतं. म्हणजे उंदराला गिरणीत नोकरी! वाडीतली पिकली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या मांडवावर आठ दिवस उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करून सुक्या केळपानांत गुंडाळायची. आठव्या दिवशी केळ्याचं जे काळसर, मऊ, मधाने पाझरणारं होतं, ते सुकेळं. एक खाल्लं की माणूस दुसऱ्याकडे हात नेतो. भालचंद्रराव पहिलं गिळायच्या आधीच दोन्ही हात न्यायचे.

रोग निघाल्यापासून कोठीच्या किल्ल्या यशोदाबाईंच्या कमरेला आणि भालचंद्ररावांचं तोंड यशोदाबाईंच्या ताब्यात. पहाटे कारल्याचा रस, त्यावर भिजवलेल्या मेथ्या, मग फाट्यापर्यंत चालणं, आल्यावर नाचणीची भाकरी. भात एकवेळ, तोही यशोदाबाईंच्या मुठीने मोजून. मूठ लहान होती. डॉक्टरांची गोळी जेवणाआधी, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि गिळल्यावर जीभ वर करून दाखवायची. रोज संध्याकाळी झडती.

"अहो, हात वर."

"अगं, पाहुणे बसलेत."

"पाहुण्यांनी करावे खाली. तुम्ही वर!"

शाळा चौथीत सुटली होती, पण बाईंचा रुबाब हेडमास्तरणीचा. उमेळ्यात कुणाच्या नवऱ्याची साखर वाढली की त्याची बायको आधी यशोदाबाईंकडे यायची, मग डॉक्टरकडे. बाई ओटीवर बसून सांगायच्या, "माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय साखर डब्यातनं चहात उतरत नाही, तिथे ह्यांच्या रक्तात कुठली उतरते!"

हे त्या दोन हजार तीन सालच्या जानेवारीत बोलल्या, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी मशीन आलं.

मशीन आणलं धवलने. धवल हा एकुलता एक मुलगा, अंधेरीला एका कंपनीत इंजिनियर. इंजिनियर म्हणजे घरातला मिक्सर बिघडला की तो उघडून ठेवणारा. ऑफिसातल्या मित्राकडून त्याने साखर मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं होतं. साबणाच्या वडीएवढं. सोबत टोचायचं पेन, एक माहितीपुस्तिका आणि मोजून पाच पट्ट्या.

त्या वेळी मांडवावर घाई चालली होती. शेजारची वाडी विकली गेली, तिथे चार मजली इमारत झाली, आणि तेव्हापासून तीन वाजले की तिची सावली मांडवावर पडायची. त्यामुळे सावलीच्या आत सगळा माल उलटा करायचा. यशोदाबाई, त्यांची सून हेमाली आणि शेजारची बर्था अशा तिघी कोपरापर्यंत चिकट झाल्या होत्या. भालचंद्ररावांना मांडवाच्या दहा पावलांत यायची बंदी. ते न्हाव्याकडून आले होते, साबण लावून स्वच्छ आंघोळ केली होती, आणि ओटीवर पेपर उघडून पेपराच्या वरून मांडवाकडे बघत बसले होते.

"आई, चला! सगळ्यांची शुगर बघू!" धवल ओरडला.

"आम्हाला काय झालंय? त्यांची बघ."

"सगळ्यांची बघायची, आई. हल्ली घराघरात निघते."

हेमाली उठून नळाकडे निघाली. यशोदाबाई कडाडल्या, "कुठे निघालीस?"

"हात धुते ना, आई. सगळे चिकट झालेत."

"सुकेळ्याच्या हाताला पाणी? अर्धा मांडव उलटायचा आहे अजून! एक थेंब लागला की माल बुरशीला गेला म्हणून समज. माझ्या सासूने चाळीस वर्षांत दिवस मावळल्याशिवाय हात भिजवला नाही. पूस त्या फडक्याला!"

फडकं म्हणजे भालचंद्ररावांचं जुनं धोतर. ते सकाळपासून इतक्या वेळा हात पुसून इतकं कडक झालं होतं, की भिंतीला टेकवलं तर उभं राहिलं असतं. तिघींनी त्याला हात पुसले आणि ओटीवर येऊन रांगेत बसल्या.

धवलने पुस्तिका उघडली. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं.

"अरे, पहिल्यापासून वाच की," भालचंद्रराव म्हणाले.

"बाबा, पहिल्या पानावर नुसत्या सूचना असतात. त्या कोण वाचतं?"

पहिला मान भालचंद्ररावांचा. बोट टोचलं, थेंब पट्टीवर टेकवला, मशीनने टुंग केलं.

"एकशे एकवीस! बाबा, एकदम मस्त!"

भालचंद्ररावांनी आपल्या बोटाकडे असं पाहिलं, जसं ते बोट नुकतंच परीक्षा पास होऊन आलं होतं.

"आता आई."

यशोदाबाईंनी बोट पुढे केलं. दागिना दाखवावा तसं. मशीनने टुंग केलं. धवलने मशीन हलवलं. परत बघितलं.

"काय झालं? बंद पडलं? तू हात लावलास म्हणजे पडणारच."

"आई... चारशे शहाऐंशी."

हिशेब सगळ्यांना कळत होता. आठ वर्षांपूर्वी भालचंद्ररावांचा रोग निघाला, तेव्हाही ते तीनशेच्या आतबाहेर होते! चौथीत शाळा सुटलेल्या बाईंचा जन्मात पहिल्यांदा पहिला नंबर आला, तो असा!

मग हेमालीचे तीनशे एक्याण्णव निघाले. ती रडायलाच लागली. धवलने इकडे आईचं बोट धरलेलं, तिकडे बायकोचे डोळे पुसलेले. त्याच बोटातून त्याने स्वतःचं रक्त काढलं, तर तीनशे बारा! बर्थाच्या वेळी तर मशीनने आकडाच दिला नाही, दोन इंग्रजी अक्षरं दाखवली. धवलने पुस्तिकेत शोधलं.

"बर्थामावशी, तुमची मोजण्यापलीकडे आहे."

"जेजू मारिया!" बर्थाने छातीवर क्रूस काढला. मग जरा थांबून विचारलं, "म्हणजे यशोदेपेक्षा जास्तच ना?"

पट्ट्या संपल्या. नेहमीच्या डॉक्टर संपदा लग्नाला गावी गेल्या होत्या, त्या येणार गुरुवारी. दुसरा डॉक्टर गाठायचा तर तो वसई स्टेशनजवळ, आणि त्याच्या दवाखान्यात अर्धं उमेळं बसलेलं असायचं. यशोदाबाईंनी तिथल्या तिथे हुकूम काढला, "गुरुवारपर्यंत हे ह्या ओटीखाली उतरता कामा नये! ज्या बायकांना मी शहाणपण शिकवलं, त्या उद्या मला मेथ्या आणून देतील. बर्थे, तुझ्या येशूची शपथ आहे!"

"माझ्या तोंडातनं अक्षर निघणार नाही, बाय!"

मग भालचंद्ररावांनी पेपर मिटला. ते उठले. एसटीत खाकी घालून गाडीत चढायचे तेव्हा यायची, ती चाल त्यांच्या पायांत आली. बायकोसमोर उभे राहून त्यांनी हात पुढे केला.

"किल्ल्या."

"काय?"

"चारशे शहाऐंशीच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या? आंधळ्याच्या हाती गाडी द्यायची का? आण इकडे!"

यशोदाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा पुस्तिका वाचत होता. सुनेकडे पाहिलं. सून रडत होती. आठ वर्षांत पहिल्यांदा कमरेचा जुडगा सुटला, आणि बाईंना वाटलं, आपलं लुगडंच सुटलं.

सोमवारपासून घरात एसटीचं राज्य सुरू झालं. भालचंद्ररावांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. पाच दहाला बाकी सगळ्यांना कारलं. पाच पंचवीसला मेथी. सहाला चालणं, जलद, मधे थांबा नाही! त्यांनी जुनी शिट्टीसुद्धा शोधून काढली. कारल्याचा पेला ते स्वतःच्या हाताने आणून देत आणि समोर बसून बघत.

"प्या. थेंब ठेवायचा नाही. ... जीभ वर!"

"अहो, कारल्याला जीभ वर कशाला?"

"नियम म्हणजे नियम. तूच केलेला आहेस."

आणि भात बंद! वसईच्या माणसाचा भात बंद केला, तर मग त्याला जिवंत ठेवायचं कशासाठी, हा प्रश्न यशोदाबाईंना आठ वर्षांत एकदाही पडला नव्हता. सोमवारी दुपारी साडेबाराला पडला. समोर नाचणीची भाकरी आणि शेपूची भाजी. आणि शेजारी बसून भालचंद्रराव आमटीभाताचा डोंगर खोदत होते. वर दोन सुकेळी.

"अहो, तुमचं काय हे?"

"माझं एकशे एकवीस आहे. मी बरा झालो."

"आणि गोळी?"

"बऱ्या माणसाने गोळी घ्यायची? उतरल्यावर कुणी तिकीट काढतं का?"

बोलायला बाईंच्या जिभेवर पुष्कळ होतं, पण चारशे शहाऐंशीच्या तोंडाने एकशे एकवीसला सुनावायचं कसं? त्या शेपू चावत राहिल्या.

बर्थाने अर्थातच शपथ पाळली. तिच्या तोंडातून अक्षर निघालं नाही. मंगळवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेली तेव्हा तिने फादरच्या हातात नुसती चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलं होतं, "यशोदेच्या चारशे शहाऐंशीसाठी प्रार्थना." आणि फादरनी ती वेदीवरून मोठ्याने वाचली!

दुपारपर्यंत ओटीवर जत्रा. एकीने जांभळाच्या बियांची पूड आणली. एकीने कडुनिंबाच्या कोवळ्या पानांची मोळीच आणली, बकरीला आणावी तशी. लाकडी पेला आला, त्यात पाणी ठेवून सकाळी प्यायचं. आणि प्रत्येकीच्या हातात मेथ्या! आठ वर्षांत बाईंनी गावभर जेवढ्या मेथ्या सांगितल्या होत्या, तेवढ्या सगळ्या व्याजासकट परत आल्या. वर प्रत्येकीचं एकच वाक्य, "यशोदाबाई, तुम्ही आम्हाला सांगायचात ना, तसंच करा बघा!"

"मेले तरी चालेल," त्या रात्री बाई हेमालीला म्हणाल्या, "पण गुरुवारी त्या डॉक्टरच्या मशीनवर माझे चारशे शहाऐंशी दिसता कामा नयेत. त्या बायकांसमोर मला माझी ओटी परत पाहिजे."

आणि तिथेच माती खाल्ली. कारण गुरुवारी पहाटे भालचंद्ररावांनी हळूच विचारलं, "अगं, आज डॉक्टरीणबाई बघणार. नुसत्या कारल्याने चार दिवसांत किती उतरली असेल?"

"मला काय ठाऊक!"

"माझ्या गोळ्या पडून आहेत. सोमवारपासूनच्या. एक घेऊन टाक. वाया का घालवायच्या?"

"ती तुमची गोळी आहे."

"गोळीवर नाव असतं का? मलाही साखर, तुलाही साखर. एकाच गाडीचे प्रवासी."

एरवी बाईंनी त्यांना गोळीसकट अंगणात काढलं असतं. पण गुरुवार उजाडला होता, आणि ओटी परत पाहिजे होती. "तुम्हाला आठ वर्षं पचते, मग मला काय धाड भरलीय!" असं म्हणून त्यांनी उपाशीपोटी गोळी गिळली. वर कारल्याचा पेला. जीभ वर करून दाखवली. आदल्या रात्री, आकडा उतरावा म्हणून, त्या न जेवताच झोपल्या होत्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी चालायला निघायलाच साडेसात झाले, कारण सोमवारपासून सोबत चालणाऱ्या बर्थाला मुलाचे बूट मिळत नव्हते. बर्थाचा मुलगा युजीन फुटबॉल खेळायचा. लुगड्याखाली खिळ्यांचे बूट घालून बर्था टाप टाप करत पुढे, मधे यशोदाबाई, मागून शिट्टी घेऊन भालचंद्रराव. फाटा आला तेव्हा जानेवारीच्या थंडीत यशोदाबाईंच्या कपाळावर घामाच्या धारा लागल्या होत्या. हात थरथरत होते. समोरची इमारत एकाच्या दोन झाली. वसईत तसं काही नवीन नाही, पण ती बघता बघता झाली!

"चला, चला, थांबा नाही!" भालचंद्रराव ओरडले.

यशोदाबाई वळल्या. आणि अगदी मऊ, गोड आवाजात म्हणाल्या, "हो. तुम्ही म्हणाल तसं."

भालचंद्ररावांच्या तोंडातून शिट्टी पडली.

"काय म्हणालीस?"

"तुमचंच बरोबर असतं. मीच मेली वाईट." असं म्हणून बाई रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या.

"बर्था! अगं बर्था, धाव! ही गेली!" भालचंद्ररावांना खरोखर रडू फुटलं. "पस्तीस वर्षांत मला कधी हो म्हणाली नाही! ही वाचत नाही आता!"

बर्था खिळ्यांच्या बुटांनी घसरत घसरत आली. तिने यशोदाबाईंचा हात धरला. "भाऊ, बर्फ झालाय नुसता! काही खायला आहे का? काहीही!"

भालचंद्ररावांनी एकदा बायकोकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी डावा पायमोजा खाली केला आणि त्यातून केळपानात गुंडाळलेलं एक सुकेळं काढलं.

"तोंड उघड. यशोदे, तोंड उघड गं!"

लहान मुलाला भरवावं तसं त्यांनी कण कण करून ते भरवलं. बाई गपगुमान चघळत होत्या. पाच मिनिटं गेली. दहा मिनिटं गेली. कपाळावरचा घाम सुकला. इमारत एकाची एक झाली. बाईंनी डोळे नीट उघडले, नवऱ्याच्या उघड्या पोटरीकडे पाहिलं, हातातल्या केळपानाकडे पाहिलं, आणि पहिला शब्द बोलल्या,

"कितवं?"

"देव पावला!" बर्थाने आभाळाकडे हात जोडले. "भांडायला लागली!"

रिक्षाने थेट डॉक्टर संपदांचा दवाखाना गाठला. त्या पहाटेच गावाहून परतल्या होत्या. त्यांनी आधी यशोदाबाईंचे दोन्ही हात साबणाने धुऊन घेतले, मग बोट टोचलं.

"चौसष्ट. आणि हे सुकेळं खाल्ल्यावर! मघाशी किती खाली असेल! काय घेतलंत सकाळी?"

"कारलं."

"आणि?"

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे पाहिलं.

"त्यांची गोळी," बर्था म्हणाली. "वाटेत यशोदेनेच सांगितलं."

डॉक्टर संपदा खुर्चीतून उठल्याच. "दुसऱ्याची गोळी? दुसऱ्याचा चष्मा लावून कुणी रस्ता ओलांडतं का, भालचंद्रकाका? ही गोळी जेवणाच्या जोडीने घ्यायची असते, तीसुद्धा ज्याला दिलीय त्याने. बरं, मुळात ह्यांना मधुमेह आहे हे कुणी सांगितलं?"

"मशीनने! चारशे शहाऐंशी!"

"आणि मला मोजण्यापलीकडे," बर्थाने सांगून टाकलं.

डॉक्टरांनी यशोदाबाईंना ग्लुकोज पाजलं, घरून भात मागवला, आणि गोळीच्या अंमलाने साखर परत उतरू शकते म्हणून संध्याकाळपर्यंत समोरच्या खाटेवरून हलायचं नाही, असं बजावलं. भात हेमालीने आणला, मशीनची पुस्तिका घेऊन धवलही अर्धी रजा टाकून आला. डॉक्टरांनी सगळ्यांना बेसिनसमोर उभं केलं, हात धुवायला लावले आणि एकेकाला टोचलं. हेमाली चौऱ्याण्णव. धवल एकशे दोन. बर्था अठ्ठ्याण्णव.

"एवढेच?" बर्थाचा चेहरा पडला. मग लगेच खुलला. "बघा! मिस्सा पावली!"

"मिस्सा नाही, मावशी, साबण पावला. रविवारी मशीन लावलं तेव्हा काय करत होतात तुम्ही सगळ्याजणी?"

"सुकेळी उलटत होतो," हेमाली म्हणाली.

"हात धुतले होते?"

"सुकेळ्याच्या हाताला पाणी?" यशोदाबाई खाटेवरून भाताचा घास हातात धरून उठून बसल्या. "बुरशी नाही येणार? पुसले होते! स्वच्छ!"

डॉक्टरांनी धवलच्या हातून पुस्तिका घेतली, पहिलं पान उघडलं आणि पहिली ओळ मराठी करून वाचली, "रक्त काढण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटावर फळाचा रस, साखर असल्यास आकडा खोटा येतो." मग त्या म्हणाल्या, "आजी, मशीनने तुमचं रक्त मोजलंच नाही. तुमची सुकेळी मोजली!"

सगळ्यांनी धवलकडे पाहिलं. इंजिनियर बेसिनमध्ये परत हात धुवायला लागला.

"आणि ह्यांचे एकशे एकवीस?" बाईंनी विचारलं.

"ते आंघोळ करून बसले होते ना? मग ते खरे. ते तुमचे, आजी. आठ वर्षं तुम्ही कारलं, चालणं, गोळी सांभाळलीत, त्याचे. काका बरे झाले नव्हते, नुसते आवरलेले होते. या, काका, आता तुमचं बोट."

भालचंद्रराव म्हणाले, माझं रविवारी झालंय. म्हणाले, माझे हात स्वच्छच असतात. म्हणाले, मला एसटीच्या पेन्शनीच्या कामाला जायचंय. शेवटी धवलने धरून आणलं.

"तीनशे अठरा."

चार दिवसांचा आमटीभात, सुकेळी आणि बंद गोळी एका आकड्यात उभी राहिली. यशोदाबाईंनी ताट बाजूला ठेवलं. हात धुतला. साबणाने. आणि तो पुढे केला.

"किल्ल्या."

जुडगा कमरेला परत बसला तेव्हा जो आवाज झाला, तसा घुंगराचाही कधी होत नाही. बाईंनी घसा साफ केला. चार दिवसांचं साचलेलं सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पायमोज्यापासून सुरुवात करायची, की शिट्टीपासून?

तेवढ्यात डॉक्टर संपदा म्हणाल्या, "पण एका गोष्टीसाठी काकांचं कौतुक करायला हवं हं! खिशात, म्हणजे पायमोज्यात, गोड ठेवलं होतं. ह्या गोळ्या घेणाऱ्याने जवळ काहीतरी गोड ठेवलंच पाहिजे. अचानक साखर उतरली तर तेच जीव वाचवतं. मी सगळ्या पेशंटना सांगते. कुणी ऐकत नाही. काका आठ वर्षं करतायत!"

भालचंद्ररावांची छाती इतकी फुगली, की सदऱ्याचं एक बटण तुटून बेसिनमध्ये पडलं.

"आणि ही," ते हळूच म्हणाले, "आठ वर्षं माझी झडती घेते, डॉक्टर."

जिभेच्या टोकावरचं सगळं परत गिळताना यशोदाबाईंना ते कारल्याहून कडू लागलं. घरी जाईपर्यंत रिक्षात भालचंद्रराव गाणं गुणगुणत होते आणि बाई नुसत्या बाहेर बघत होत्या. बर्थाला वाटलं, साखर परत उतरली की काय! तिने दोनदा नाडी बघितली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच दहाला भालचंद्ररावांपुढे कारल्याचा पेला आला. मेथ्या आल्या. मंगळवारी आलेल्या सगळ्या मेथ्या त्यांना पुढचे दोन महिने पुरणार होत्या. गोळी आली, जीभ वर झाली. ओटीवर बायकाही आल्या होत्या, चारशे शहाऐंशीचं काय झालं ते ऐकायला. मग यशोदाबाईंनी खुंटीवरचा धुतलेला सदरा आणून सगळ्यांदेखत नवऱ्याच्या अंगावर टाकला. वरचा खिसा जाड दिसत होता. भालचंद्ररावांनी हात घातला, तर बोट आत जाईना. खिशाचं तोंड काळ्या दोऱ्याने दुहेरी टाके घालून शिवून टाकलेलं होतं. आतून सुकेळ्याचा वास येत होता.

"हे काय गं?"

यशोदाबाई कमरेवर, किल्ल्यांवर, हात ठेवून उभ्या राहिल्या.

"डॉक्टरीणबाईंचं औषध आहे. एकच आहे. गरगरलं, घाम फुटला, हात थरथरले, की दातांनी टाका तोडा आणि खा, माझी ना नाही. रोज संध्याकाळी मी टाके मोजणार. पण ऐका हो, नीट ऐका: टाका तुटलेला दिसला, आणि चक्कर आलेली नसली, तर ती आणून द्यायला मी समर्थ आहे!"